घरी शिकणाऱ्या मुलाचे मराठी वाचन : पहिल्या अक्षरापासून पहिल्या पुस्तकापर्यंत

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे असे ठरवलेल्या आईवडिलांना सर्वांत मोठी धास्ती वाचनाची असते. मोजणे, झाडे-प्राणी ओळखणे, चित्रे काढणे या गोष्टी रोजच्या जगण्यातून पुढे सरकतील असा भरवसा वाटतो. वाचन मात्र प्रशिक्षित शिक्षकानेच शिकवावे, नाहीतर काहीतरी राहून जाईल, अशी भीती मनात घर करून असते. ज्यांचे मूल साधारण चार ते सात वर्षांचे आहे, ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते आणि ज्यांना मुलाचे पहिले वाचन मराठीतच व्हावे असे वाटते, अशा पालकांसाठी हा लेख आहे. हे काम घरी नीट होऊ शकते. त्यासाठी रोजचा थोडा वेळ लागतो, आणि अक्षरे कोणत्या क्रमाने द्यायची याचा विचार आधी करून ठेवावा लागतो.

क्रमाचा मुद्दा सुरुवातीलाच मांडतो, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. आपण भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लावतो, ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ’पर्यंत घोकून घेतो, मग बाराखडी सुरू करतो, आणि इतके सगळे झाल्यावर मुलाच्या हाती पहिला शब्द देतो. वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांनुसार केलेली आहे : कंठातून येणारा ‘क’ वर्ग, टाळूवरचा ‘च’ वर्ग, असे करत ओठांच्या ‘प’ वर्गापर्यंत. भाषेच्या अभ्यासकाला ही मांडणी मोलाची आहे, पण पाच वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी ती केलेली नाही. अक्षरे सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच मुलाने काहीतरी अर्थपूर्ण वाचले पाहिजे. पुढचे सगळे नियोजन त्यासाठीच आहे.

सुरू करण्यापूर्वी

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे आणि त्यात गृहशिक्षणाची वेगळी तरतूद केलेली नाही. पुढे प्रमाणपत्र हवे असणारी अनेक कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग घेतात. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष मानले जातात. मूल लहान असताना याची चिंता करण्याचे कारण नाही, मात्र मुलाने काय वाचले याची तारखेसह एक वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. ती आपल्यालाही उपयोगी पडते आणि कोणी विचारले तर दाखवताही येते.

साहित्य फारसे लागत नाही. पाटी आणि पाटीवरची पेन्सिल, ताटात पसरलेला रवा किंवा रांगोळी, आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाची कापलेली कार्डे एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. कार्डांवर अक्षर मोठे, काळ्या शाईने आणि शिरोरेघेसह काढावे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे छापील मजकुरात दोन वळणांनी येतात. त्यांची दोन-दोन कार्डे करावीत, म्हणजे पुस्तक बदलले की मूल अडत नाही.

पहिली पायरी : कानाची तयारी

अक्षर दाखवण्याआधी काही आठवडे केवळ कानावर काम करावे. बोललेला शब्द तुकड्यांनी बनलेला असतो हे मुलाला आपणहून कळत नाही. त्याच्यासाठी ‘माकड’ म्हणजे झाडावरचा प्राणी. त्या शब्दाला सुरुवात आणि शेवट असतो हे त्याच्या ध्यानात आणून द्यावे लागते. स्वयंपाक करताना, भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर हे खेळ खेळता येतात. ‘बा-बा’, ‘पा-णी’, ‘चि-म-णी’ असे म्हणत टाळ्या वाजवाव्यात. ‘म’ने सुरू होणाऱ्या घरातल्या वस्तू शोधाव्यात : मीठ, मोरी, मावशी आली तर मावशीसुद्धा. मुलाला पहिला आवाज ओळखता येऊ लागला की शेवटचा आवाज विचारावा. पुढे आपण ‘का’ आणि ‘न’ वेगवेगळे म्हणावेत आणि दोन्ही मिळून काय झाले ते मुलाने सांगावे. हा शेवटचा खेळ सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वाचताना मूल नेमके हेच करणार असते. तो जमेपर्यंत अक्षरांची घाई करू नये.

भोंडल्याची गाणी, बडबडगीते, साखळीच्या गोष्टी यांचा उपयोगही इथेच होतो. यमक कानाला लागले की शब्दाचा एक भाग तसाच ठेवून दुसरा बदलता येतो, हे मुलाला न शिकवता समजते.

याच काळात रोज एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे, आणि ते ओळीखालून बोट फिरवत वाचावे. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, गोष्ट चित्रात नसून त्या काळ्या खुणांमध्ये आहे आणि प्रत्येक वेळी ती तशीच येते, या गोष्टी मूल अशा वाचनातूनच शिकते. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले तर ते द्यावे. पाठ झालेले पुस्तक ‘वाचल्याचे’ नाटक करणारे मूल वाचनाच्या अगदी जवळ पोहोचलेले असते. त्याला खोटे पाडू नये.

दुसरी पायरी : पहिला अक्षरगट, आणि काना लगेच

आता जुन्या पद्धतीपासून एक मोठी फारकत घ्यायची आहे. परंपरेने पहिले शब्द बिनकान्याचे असतात : कमळ, बदक, गवत, सरबत. हे शब्द मोठ्यांना सोपे वाटतात, कारण त्यांत ‘काही लावलेले’ नसते. मुलाला ते अवघड जातात. प्रत्येक व्यंजनात ‘अ’ दडलेला आहे असे आपण त्याला शिकवतो आणि मग तो ‘अ’ शब्दात कधी म्हणायचा, कधी गिळायचा हे त्याच्यावरच सोडून देतो. ‘कमळ’मधल्या ‘ळ’चा ‘अ’ आपण म्हणत नाही. ‘सरबत’मध्ये ‘र’चाही जातो आणि ‘त’चाही. मूल इमानदारीने ‘क… म… ळ’ म्हणते आणि त्या तीन आवाजांतून त्याला ओळखीचा शब्द ऐकूच येत नाही. याउलट ‘काका’, ‘मामा’, ‘बाबा’ हे शब्द जसे दिसतात तसेच उच्चारले जातात, त्यातून ती जवळची माणसे असतात. म्हणून पहिल्याच गटात काना द्यावा. अक्षरांचे छोटे गट करून वाचन शिकवण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनावर केलेले काम अनेक शिक्षकांना ठाऊक आहे.

माझ्या मते पहिला गट असा घ्यावा : क, म, न, ब, र, ल आणि काना. ही अक्षरे दिसायला पुरेशी वेगळी आहेत आणि त्यांतून काका, मामा, बाबा, नाना, काम, कान, नाक, मान, रान, लाल, बाक, मला असे कितीतरी शब्द होतात. दिवसाला एक अक्षर, त्यानंतर एक-दोन दिवस उजळणी, या गतीने हा गट दोन ते तीन आठवड्यांत होतो. ‘क’ आणि ‘का’ यांची कार्डे स्वतंत्र करावीत. ‘क ला काना का’ असे म्हणायला लावू नये. त्यामुळे मुलाच्या तोंडात चार आवाज येतात आणि शब्द हरवतो. ‘का’ हे चिन्ह दिसले की एकाच दमात ‘का’ म्हणायचे.

दोन कार्डे टेबलावर दूर ठेवावीत, मुलाने दोन्ही म्हणावीत, मग कार्डे हळूहळू जवळ सरकवत आवाजही जवळ आणावेत. ‘का… न’, ‘का.. न’, ‘कान’. शेवटच्या अक्षराचा ‘अ’ गळतो हे नियम म्हणून सांगण्याची गरज नसते. मुलाने ‘का-नअ’ असे वाचले तर ‘हा आपल्या ओळखीचा कोणता शब्द असेल?’ एवढेच विचारावे. मराठी त्याची बोलभाषा असल्याने तो कान स्वतःचा शब्द ओळखतो आणि उच्चार दुरुस्त करतो. पहिला गट संपताना पहिली वाक्ये येतात : ‘नाना, काम करा.’ ‘कान लाल, नाक लाल.’ ही वाक्ये साधी आहेत, पण ती वाचणाऱ्या मुलाचा चेहरा बघावा. आठवणीवर न विसंबता, चित्राची मदत न घेता, त्याने कागदावरून अर्थ काढलेला असतो.

तिसरी पायरी : पुढचे गट

दुसऱ्या गटात प, त, ण, ग, घ ही व्यंजने, आ आणि ई हे स्वर आणि दुसरी वेलांटी घ्यावी. आता वाक्यांना जीव येतो : ‘आई, पाणी आण.’ ‘घरी पाल आली.’ ‘काकी, गाणी गा.’ तिसऱ्या गटात ह, स, ड, ट, व आणि एक मात्रा, काना-मात्रा, अनुस्वार. यातून ‘आहे’ हाती येते आणि त्यासोबत ‘आंबा गोड आहे’, ‘मोर आला, ससा गेला’ यांसारखी खरी मराठी वाक्ये. पुढचे गट पालकांनी स्वतः बांधावेत. प्रत्येक गटात पाच-सहा व्यंजने आणि एक-दोन स्वरचिन्हे असावीत, आणि त्यांतून मुलाच्या ओळखीचे निदान पंधरा शब्द झाले पाहिजेत. गट बांधताना मुलाचे स्वतःचे नाव लवकर कुठे बसवता येईल ते पाहावे.

काही जोड्या एकाच आठवड्यात देऊ नयेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष, थ आणि य, ट-ठ-ढ ही अक्षरे मुलांना सारखी दिसतात. त्यांतले एक पक्के झाल्यावर, तीन-चार आठवड्यांनी दुसरे आणावे आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक मुलालाच शोधायला लावावा. वरील गटांत ‘घ’ घेतला आहे, म्हणून ‘ध’ शेवटच्या गटांकडे ढकलावा.

पहिल्या वेलांटीची गोष्ट निराळी आहे. ‘दिवा’ या शब्दात वेलांटी आधी दिसते आणि ‘द’ नंतर, पण उच्चार उलट क्रमाने होतो. म्हणूनच ती दुसऱ्या वेलांटीनंतर, ‘दि’, ‘मि’, ‘कि’ अशी संपूर्ण अक्षरांची कार्डे करून द्यावी. ‘ि’ आणि ‘ी’ यांचा उच्चारातला फरक मुलाला ऐकू आला नाही तरी चालेल. बोलताना आपणही तो फरक नेहमी पाळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता लेखनाच्या वेळी करावी, वाचनाच्या वेळी त्यासाठी मुलाला थांबवू नये.

च आणि ज ही अक्षरे मराठीत दोन प्रकारे उच्चारली जातात. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, ‘जीभ’मधला ज आणि ‘जाळे’तला ज वेगळा. मुलाला हे आधीच सांगून ठेवावे, की हे अक्षर दोन आवाज काढते आणि एक जमला नाही तर दुसरा लावून बघायचा. अनुस्वारही असाच आहे : ‘आंबा’त तो म् होतो, ‘संत’मध्ये न् होतो, ‘अंगण’मध्ये नाकातून येतो. इथेही नियमांपेक्षा ओळखीचा शब्द उपयोगी पडतो. बॅट, बॉल, ऑफिस हे शब्द मुलाच्या तोंडी असतातच. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली आहे, त्यामुळे ही चिन्हे परकी न मानता शेवटच्या गटांत घ्यावीत.

साधारण सगळी स्वरचिन्हे झाली की बाराखडी आणावी. तोपर्यंत मुलाला तिच्यातली बहुतेक घरे माहीत झालेली असतात, त्यामुळे ती पाठांतर न राहता ओळखीच्या गोष्टींची मांडणी होते.

रोजचा पाठ दहा ते पंधरा मिनिटांचा असावा, त्याहून जास्त नको. सुरुवातीला जुनी कार्डे भराभर, मग एक नवी गोष्ट, मग दोन-तीन वाक्यांचे वाचन, आणि शेवटी आपण मुलाला वाचून दाखवायचे. मूल कंटाळले तर तिथेच थांबावे. आठवड्यातून एकदा तासभर बसवण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे कितीतरी अधिक फळतात.

लिहिणे सोबत चालू द्यावे

माँटेसोरी पद्धतीत खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून मूल आधी हाताने अक्षर शिकते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे काम केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. आपल्या घरातला रवा आणि रांगोळी याच वाटेने जातात. बोटाने गिरवताना वळणाची दिशा बरोबर आहे ना एवढे पाहावे, सुबकपणा नंतर येतो. हाताची पकड तयार नसलेल्या मुलाने कार्डे जुळवून शब्द ‘लिहिले’ तरी ते लिहिणेच आहे. अक्षर उलटे काढणे हे सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास आढळते.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरणारा प्रकार म्हणजे मुलाने सांगायचे आणि आपण लिहायचे. ‘आज मांजरीने दूध सांडलं’ असे मूल म्हणाले, की तेच शब्द त्याच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहावेत आणि त्यानेच ते वाचावेत. वाक्य आपले असल्याने ते वाचता येते. घरात वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलली जात असेल, तर वाक्य त्याच बोलीत उतरवावे. मुलाचे बोलणे ‘शुद्ध’ करून लिहिले, तर कागदावरचे शब्द त्याच्या तोंडच्या शब्दांशी जुळत नाहीत आणि वाचनाचा धागाच तुटतो. पुस्तकातली भाषा थोडी वेगळी असते हे त्याला वाचून दाखवलेल्या गोष्टींतून कळतेच.

चौथी पायरी : जोडाक्षरे

जोडाक्षरांचा तक्ता लावून एकेक घोकून घेऊ नये. मराठी गोष्ट उघडून पाहिली तर पहिल्याच पानावर ‘म्हणाला’, ‘म्हणाली’, ‘त्या’, ‘त्याला’, ‘राजाच्या’ हे शब्द भेटतात. म्हणून म्ह, त्य आणि च्य ही तीन जोडाक्षरे सर्वांत आधी द्यावीत. त्यांच्या जोरावर मूल साधी गोष्टीची पुस्तके उघडू शकते. त्यानंतर ज्यांत अर्धे अक्षर स्पष्ट दिसते अशी घ्यावीत : ‘पप्पा’, ‘गल्ली’, ‘सुस्त’, ‘पुन्हा’. अर्धे अक्षर म्हणजे ‘अ’ काढून टाकलेले अक्षर, हे एकदा समजले की पुष्कळ जोडाक्षरे मूल स्वतःच सोडवते.

‘र’ला मात्र वेगळे दिवस द्यावे लागतात, कारण तो दरवेळी वेश बदलतो. ‘चक्र’मध्ये तो पायात तिरकी रेघ होतो, ‘ट्रक’मध्ये खाली टोपीसारखा बसतो, ‘पत्र’मध्ये ‘त’शी मिसळून नवेच रूप घेतो, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन डोक्यावर चढतो. रफार ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारला जातो, त्यामुळे पहिल्या वेलांटीइतकाच तो मुलांना चकवतो. शेवटी ‘ऱ्य’ : ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हे दोन शब्द शेजारी लिहून मोठ्याने वाचले की फरक कानाला लगेच कळतो. क्ष आणि ज्ञ ही अक्षरे जशी शब्दांत येतील तशी द्यावीत.

पुस्तके आणि पाट्या

बालभारती, म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळ, १९६७ पासून पुण्याहून काम करते. पहिली-दुसरीची मराठीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. ती पाठ म्हणून न घेता वाचनासाठी घ्यावीत. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही मंडळाने मोफत उपलब्ध केले आहेत. ते थोड्या मोठ्या वयासाठी आहेत, पण आपण वाचून दाखवण्यासाठी त्यांत भरपूर साहित्य आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके चार पातळ्यांत लावलेली आहेत. पहिल्या पातळीची पुस्तके दुसऱ्या-तिसऱ्या गटानंतर दाखवावीत आणि ज्या शब्दांत मूल अडेल ते आपण सहज सांगून पुढे जावे. छापून घेतलेली पाने शिवून दिली तर मुलाला ते स्वतःचे पुस्तक वाटते.

घराबाहेरचे वाचन विसरू नये. एसटीवरच्या गावांच्या पाट्या छोट्या शब्दांच्या आणि मोठ्या अक्षरांच्या असतात. महाराष्ट्रात २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीतील मराठी ठळकपणे येणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे शहरातल्या बाजारपेठेतही वाचायला पुष्कळ मिळते. वाण्याची यादी मुलाने वाचावी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्याने लिहाव्यात.

किती वेगाने, आणि काळजी केव्हा करावी

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने, जे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले, दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य ठेवले आहे. हा आकडा पालकांनी दिशा म्हणून लक्षात ठेवावा. घड्याळ लावून मुलाचे वाचन मोजू नये. घरी शिकणारी मुले कधी पाचव्या वर्षीच वाचू लागतात, कधी सातव्या वर्षापर्यंत रमतगमत जातात, आणि दोन्ही मुले नवव्या वर्षी सारख्याच सहजतेने वाचताना दिसू शकतात. वाचल्यावर ‘मग काय झालं?’ असे विचारून मुलाला गोष्ट सांगता येते का, हे वेगापेक्षा महत्त्वाचे आहे.

मात्र सहा-आठ महिने नियमित काम करूनही अक्षरे आज आठवतात आणि उद्या पुसली जातात, यमक किंवा पहिला आवाज ओळखता येत नाही, कुटुंबात इतर कोणाला अशीच अडचण होती, असे दिसले तर वाट पाहत बसू नये. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. त्यानंतर, साधारण आठव्या वर्षाच्या आसपास, अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घेता येते; मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. अशा मुलाला ‘लक्ष देत नाहीस’ असे ऐकवणे अन्यायाचे आहे. त्याला वेगळ्या पद्धतीने आणि अधिक वेळ देऊन शिकवावे लागते, आणि तीही मुले वाचू लागतात.

इंग्रजीचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बोललेली इंग्रजी, गाणी, गोष्टी कधीही चालतील. इंग्रजी अक्षरांचे रीतसर वाचन मात्र मूल मराठीतला चार-पाच ओळींचा अनोळखी मजकूर न अडखळता वाचू लागल्यावर सुरू करावे. आवाज जोडून शब्द करण्याचे कसब त्याला तोपर्यंत अवगत झालेले असते आणि ते दुसऱ्या लिपीत पुन्हा शून्यापासून शिकावे लागत नाही. मूल स्वतः वाचू लागल्यावरही मोठ्याने वाचून दाखवणे थांबवू नये, कारण सात वर्षांच्या मुलाला जी गोष्ट ऐकून कळते ती स्वतः वाचायला त्याला अजून दोन-तीन वर्षे लागणार असतात, आणि मधल्या काळात त्याचा शब्दसंग्रह ऐकलेल्या पुस्तकांवरच वाढतो.